जुनी कॅटॅमरान वाजवून घ्यावी

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी मुलगी अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर 16 फुटी होबी कॅटॅमरान पाहायला गेलो, तेव्हा मी ती जवळजवळ घेतलीच होती. शिडावर नारिंगी, पिवळे आणि लाल पट्टे होते, कापड जेमतेम दोन मोसम वापरलेले दिसत होते, दोन्ही हलना, म्हणजे बोटीच्या पाण्यावर तरंगणाऱ्या दोन लांबट पोकळ अंगांना, नुकताच पांढराशुभ्र रंग दिलेला होता आणि त्यांच्यामधले बसायचे ताणलेले कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन, कोरे होते. बयाणा देण्यासाठी मी पाकीट काढणार, इतक्यात आमच्याबरोबर आलेल्या, नाशिकमधल्या अंबडच्या फायबरग्लास मिस्त्रींनी डाव्या हलच्या पाठीवर, चौकटीचा पुढचा पाय जिथे हलमध्ये उतरतो तिथून हातभर पुढे, अंगठा दाबला. पृष्ठभाग आत गेला आणि अंगठा उचलताच पुन्हा वर आला. मग त्यांनी खिशातून 5 रुपयांचे नाणे काढले आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागे येत ते हलवर वाजवायला सुरुवात केली. सुरुवातीला टकटक असा कोरडा, खणखणीत आवाज येत होता. त्या जागेवर पोहोचताच तो एकदम बद्द झाला, आणि पुढे दोन विती तसाच बद्द राहिला.

"साहेब, माठ वाजवून घेता ना?" मिस्त्री म्हणाले. "मग हीसुद्धा वाजवूनच घ्या. वरून तडा दिसत नाही, पण आतून सुटली आहे."

मिस्त्रींनी आयुष्यात पाण्याच्या टाक्या, कूलरची खोकी आणि बसगाड्यांचे पुढचे भाग केले आहेत. शिडाची बोट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हाताळली. तरीही पहिली जुनी कॅटॅमरान कशी निवडावी याबद्दल मी जे काही वाचले होते, त्यातले सर्वांत मोलाचे त्यांनी पाच मिनिटांत मला दाखवून दिले. नाशिककर मित्रांपैकी आणखी कोणाच्या मनात हा विचार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नाशिकचा आणि शिडाच्या बोटीचा संबंध काय, असे मला अनेकदा विचारले जाते. चांदवडसारख्या कोरड्या तालुक्यातला दत्तू भोकनळ 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरला, तेव्हापासून मला हा प्रश्न अनाठायी वाटतो. गंगापूर, मुकणे, दारणा, वैतरणा असे मोठे जलाशय आपल्या आसपास आहेत, मार्चपासून दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो, आणि ज्या पाण्यावर आपले शहर जगते त्यात तेलाचा एक थेंबही न सोडता फिरायचे असेल, तर शिडाइतका स्वच्छ मार्ग दुसरा नाही. अर्थात जलाशय सरकारी आहेत. जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीचे काम बोट शोधण्याआधी हाती घ्यावे. बोट दारात उभी आणि पाण्यात उतरता येत नाही, अशी वेळ येऊ देऊ नये.

मी सेलिंग मुंबईला शिकलो, तेही एका हलच्या छोट्या डिंगीवर. कॅटॅमरान म्हणजे दोन सडपातळ हल, त्यांना जोडणारी अॅल्युमिनियमची चौकट, चौकटीत ताणून बसवलेले ट्रॅम्पोलिन आणि त्यावर उभी डोलकाठी. शब्द मूळचा तमिळ आहे; कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड, म्हणून कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडे. किनाऱ्यावरून ढकलून थेट पाण्यात नेता येईल अशी आजची बीच कॅटॅमरान मात्र कॅलिफोर्नियात रूढ झाली. होबी ऑल्टर हा सर्फबोर्ड बनवणारा कारागीर होता. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्याने आणि गॉर्डन क्लार्कने लाकडाऐवजी फोमचे सर्फबोर्ड करायला घेतले, आणि फोमवर काचतंतूचे, म्हणजे फायबरग्लासचे, पातळ कवच चढवण्याचे तेच कसब पुढे त्याच्या बोटींत उतरले. लाटांमधून थेट वाळूवर आणता यावी म्हणून होबी 16 च्या हलना खालून केळ्यासारखा बाक दिलेला आहे आणि त्यांची आतली व बाहेरची बाजू मुद्दाम वेगवेगळ्या वळणाची ठेवलेली आहे. या आकारामुळे बोट वाऱ्याने बाजूला फारशी सरकत नाही, म्हणून तिला खाली सोडायच्या फळीची, म्हणजे डॅगरबोर्डची, गरज लागत नाही. गंगापूरच्या फुगवट्यात मे महिन्यात पाणी ओसरले की कुठे खडक, कुठे जुना बांध, कुठे झाडाचा बुंधा हातभर पाण्याखाली दडलेला असतो. तिथे खाली काही लोंबत नसणे ही मोठी सोय आहे.

या फोमविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण जुन्या बोटीचे खरे मोल तिथेच ठरते. हलची भिंत म्हणजे काचतंतूचे बाहेरचे पातळ कवच, मधे फोमचा थर आणि आत पुन्हा काचतंतूचे कवच. ही तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात तोपर्यंत भिंत वजनाला हलकी आणि कमालीची ताठ राहते. वर्षानुवर्षांचे ऊन, लाटांचे धक्के, एकाच जागी पडणारे माणसांचे वजन आणि बारीक भोकांतून झिरपलेले पाणी यांमुळे कवच फोमपासून सुटते. वरून रंग चकचकीत असला तरी तिथला ताठपणा गेलेला असतो, आणि जोराच्या वाऱ्यात नाळ लाटेत घुसली की ताण नेमका त्याच भागावर येतो. पुढच्या पायाच्या आधीचा फूट-दोन फुटांचा पट्टा सर्वांत आधी मऊ होतो, म्हणून पाहणी तिथूनच सुरू करावी. पंजाएवढी जागा सुटली असेल तर बारीक छिद्रे पाडून आत इपॉक्सी भरता येते आणि ते काम आपल्याकडचा चांगला मिस्त्री करू शकतो. हातभर लांबीचा भाग मऊ असेल, किंवा दोन्ही हल ठिकठिकाणी दबत असतील, तर ती बोट फुकट मिळाली तरी घरी आणू नये, असे माझे ठाम मत आहे. नुकताच दिलेला रंग दिसला तर अधिकच लक्ष देऊन वाजवावे. विकायच्या आधीच तो का द्यावासा वाटला, हेही विक्रेत्याला सरळ विचारावे. अलिबागच्या त्या विक्रेत्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते.

शिडे बदलता येतात, तारा बदलता येतात, ट्रॅम्पोलिन आणि दोर तर बदलावेच लागतात. हल बदलणे म्हणजे दुसरी बोट घेण्यासारखेच आहे. आपण मात्र नेमके उलटे पाहतो. शिडाचा रंग पन्नास पावलांवरून डोळ्यांत भरतो आणि हलला हात लावायला खाली वाकावे लागते.

हल मऊ नाही याची खात्री झाली की तो गळतो का हे पाहावे. प्रत्येक हलच्या मागच्या तोंडाला पाणी काढायचे बूच असते, आणि उन्हात आतली हवा फुगून सांधे उकलू नयेत म्हणून हलला एक बारीक श्वासछिद्रही असते. हे छिद्र चिकटपट्टीने बंद करावे, बुचाच्या जागी रबरी नळी घट्ट बसवावी आणि तोंडाने हळूहळू हवा भरावी. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर चुकूनही लावू नये, कारण तेवढ्या दाबाने चांगला हलही उकलेल. मग साबणाचे पाणी फडक्याने वरच्या व खालच्या भागाच्या सांध्यावरून, चौकटीच्या पायांभोवती आणि सुकाणूच्या बिजागरीच्या स्क्रूंवरून फिरवावे. सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे जिथे येतील तिथे गळती आहे. सांध्यातली किंवा स्क्रूजवळची गळती सहसा दुरुस्त होते. मात्र त्याच जागी मागचे तोंड दाबून मऊ लागत असेल तर आधी सांगितलेलाच आजार तिथेही पोहोचला आहे असे समजावे.

त्यानंतर बोट कुशीवर करून हलच्या तळाची धार पाहावी. वाळूवरून ओढून ओढून ती घासली जाते, आणि बाकाच्या सर्वांत खालच्या टप्प्यावर कवच पातळ होते. तिथे धार बोटभर रुंद सपाट झालेली असेल किंवा काचतंतूचे विणकाम उघडे पडले असेल, तर नवा थर चढवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. आपल्या जलाशयांच्या काठी वाळू नाही, मुरूम आणि दगड आहेत. किनाऱ्यावर दहा वर्षे टिकलेली धार इथे दोन मोसमांत संपेल, म्हणून चाकांची ट्रॉली ही चैन समजू नये.

उरलेल्या भागांकडे मी थोडक्यात वळतो, पण तारांबाबत घाई करू नये. डोलकाठी पुढची एक आणि बाजूच्या दोन अशा केवळ तीन तारांवर उभी असते. त्यांतली एक तुटली की 8 मीटरची काठी डोक्यावर येते. जुना सुती रुमाल तारेवरून सावकाश ओढत न्यावा; एखादा धागा तुटलेला असेल तर रुमाल अडकतो. तार टोकाच्या दाबपट्टीत जिथे शिरते तिथला गंज विशेष बारकाईने पाहावा. तारा किती जुन्या आहेत हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर त्या निकामी समजून नव्यांचा खर्च हिशेबात धरावा. समुद्रावरच्या बोटीत स्टीलचे रिव्हेट अॅल्युमिनियममध्ये बसवलेले असतात आणि खाऱ्या पाण्यामुळे त्यांच्याभोवती पांढरी भुकटी धरते. रिव्हेट हातांनी हलत असेल किंवा भोवती धातू खाल्ला गेला असेल, तर ती जागा कमकुवत झाली आहे. डोलकाठी एका टोकाकडून डोळा लावून, सुतार फळी पाहतो तशी पाहावी. तिची भोकेही बुजवलेली असावीत, कारण आत पाणी शिरले की उलटलेली बोट पूर्ण पालथी होऊन काठी तळाकडे जाते. चौकटीचे दोन विरुद्ध कोपरे धरून ती पिळून पाहावी. पाय सैल झाले असतील तर दोन्ही हल वेगवेगळे डोलतील. सुकाणूची पाती खडकाला लागल्यावर वर उचलली जातात आणि खाली दाबल्यावर कट् आवाज करून अडकतात. ती अडकण धरत नसेल तर बोट वळताना ऐनवेळी दगा देते. शिडाचे कापड मुठीत चुरगाळून पाहावे. चांगले कापड कागदासारखे कुरकुरते आणि थकलेले जुन्या धोतरासारखे मऊ लागते. शिलाई नखाने ओढताच तुटत असेल तर ती उन्हाने जळली आहे. तरीही पहिल्या वर्षासाठी थकलेले शीड चालते, आणि किंमत कमी करून घेण्यासाठी तो उत्तम मुद्दा आहे.

आता ज्या गोष्टीवर आमच्या घरी सर्वाधिक चर्चा झाली तिच्याकडे येतो. कॅटॅमरान उलटते, आणि नवख्या माणसाची हमखास उलटते. होबी 16 चे वजन सुमारे 145 किलो आणि दोन्ही शिडांचे मिळून क्षेत्रफळ जवळपास 20 चौरस मीटर आहे. ती उलटल्यावर खालच्या हलवर उभे राहून, वरच्या हलवरून आलेल्या दोराला लटकून, पाठ मागे झोकत तिला उभी करावी लागते, आणि त्यासाठी साधारण 130 ते 140 किलो वजन लागते. माझे वजन 72 किलो आणि मुलीचे 50 किलो. भर समुद्रात शेजारून एखादी होडी तरी जाते. वैतरणेच्या फुगवट्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी हाक ऐकायला कोणी नसते.

त्यामुळे आम्ही लहान बोटींचाही गांभीर्याने विचार केला. होबी 14 ला एकच शीड असते, ती वजनाने बरीच हलकी आहे आणि एकट्या माणसासाठी योग्य आहे, पण दोघांना ती अपुरी पडते. होबी वेव्ह ही 13 फुटी बोट साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिथिलीनची आहे, तिचे वजन सुमारे 111 किलो आहे, फोमचा प्रश्नच नाही आणि मुरमावर घासली तरी ती सहन करते. कुटुंबात लहान मुले असतील, किंवा कोणालाच सेलिंग येत नसेल, तर मी निःशंकपणे वेव्ह सुचवेन. मात्र तिला तडा गेला तर काचतंतू त्या प्लास्टिकला धरत नाही, त्यामुळे तडा गेलेली पॉलिथिलीनची बोट घेऊ नये. 1976 ते 2008 या काळात ऑलिंपिकमध्ये असलेली टॉर्नेडो ही कॅटॅमरान स्वस्तात मिळते असे कोणी सांगितले तरी तिच्या वाटेला जाऊ नये. 3 मीटर रुंदीची आणि शर्यतीच्या वेगासाठी घडवलेली ती बोट पहिली म्हणून योग्य नाही.

"बाबा, आपण सोळाच घेऊ या," मुलगी म्हणाली. "आपल्या दोघांचं वजन कमी पडतं, तर पाणी भरायची पिशवी नेऊ. पाणी तर तिथे हवं तेवढं आहे." ही युक्ती तिची नवी नाही, जगभरचे हलके सेलर तेच करतात, पण तिने ती शोधून, हिशेब कागदावर मांडून माझ्यापुढे ठेवली. मजबूत कापडाची पिशवी जलाशयाच्याच पाण्याने भरून दोराला जोडायची आणि पाठीमागे लटकवायची. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो वजन, म्हणून आमचे 122 किलो 142 होतात. शिवाय 68 किलो वजनाचा माझा भाचा शनिवार-रविवारी यायला तयार झाला.

माघात आम्हाला दुसरी सोळा फुटी बोट मुंबईच्या एका गृहस्थांकडे मिळाली. शीड मळक्या पांढऱ्या रंगाचे, ट्रॅम्पोलिनच्या दोन कडा उसवलेल्या, हलवरचा मूळ पिवळा रंग उन्हाने पार विटलेला. पण मिस्त्रींचे नाणे दोन्ही हलवर नाळेपासून मागच्या तोंडापर्यंत एकसारखे वाजले. त्यांनी ते दोनदा वाजवले, मग मलाही वाजवायला लावले. मालकांनी बोट पंधरा वर्षे छपराखाली ठेवली होती, प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुतली होती, आणि तारा किती जुन्या आहेत असे विचारताच त्यांनी वही उघडून तारीख दाखवली. अशा माणसाकडे किमतीची फार घासाघीस करू नये असे मला वाटले आणि मी केली नाही.

कसारा घाटातून ती ट्रकने आली. तारा, दोर आणि ट्रॅम्पोलिनच्या कडा आम्ही बदलल्या. पाण्यात उतरण्याआधी एक सकाळ आम्ही गंगापूर जलाशयाच्या सावरगावकडच्या काठावर फक्त वरच्या तारा पाहत फिरलो. शेतीच्या पंपांना गेलेल्या विजेच्या तारा तिथे काठालगतच आहेत, कुठे कुठे बऱ्याच झुकलेल्या आहेत, आणि ट्रॉलीवर उभ्या केलेल्या अॅल्युमिनियमच्या डोलकाठीचे टोक जमिनीपासून जवळपास 9 मीटर उंच जाते. अमेरिकेत अशा अपघातांनी माणसे दगावल्यानंतर तिथल्या होबीच्या डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणारा केला गेला. आमची डोलकाठी टोकापर्यंत धातूची आहे. म्हणून काठी उभी करायची जागा आम्ही खुणेचे दगड ठेवून ठरवली आहे, आणि ती उभी असताना बोट त्या दगडांच्या पलीकडे न्यायची नाही हा नियम भाच्यासह सर्वांना पाठ आहे.

पहिल्या दिवशी, लाइफ जॅकेट घालून, काठापासून हाकेच्या अंतरावर आम्ही बोट मुद्दाम उलटवली. पहिल्या दोन वेळा नाळ वाऱ्याकडे वळवायची राहिली आणि ओले शीड पाण्यातून सुटेना. तिसऱ्या वेळी मुलीने पोहत जाऊन नाळ धरली, वारा शिडाखाली शिरला आणि पिशवीच्या वजनाने बोट हळूच उठली. संध्याकाळी काठावर आल्यावर आम्ही मागची दोन्ही बुचे काढली आणि खाली स्टीलचे पेले धरले. उजव्या हलमधून काहीच आले नाही. डाव्यातून अर्धा पेला पाणी आले. मुलीने बुचाचा वॉशर काढून पाहिला, तो एका बाजूने चिरलेला होता. तिने तारीख आणि अर्धा पेला अशी नोंद वहीत केली. जुन्या मालकांनी बोटीबरोबर आम्हाला दिलेल्या, त्यांच्याच वहीत.